स्वतः बनवून घेतलेल्या लिनक्स बोर्डाचा डीबग कन्सोल कसा मिळवावा?

खारावारा, रत्नागिरी

नमस्कार मंडळी. मिरकरवाडा बंदराच्या परिसरातील बर्फ कारखाने आणि मासळीची शीतगृहे यांच्यासाठी तापमानाची अखंड नोंद ठेवणारे एक यंत्र आमची छोटी कार्यशाळा तयार करत आहे. बीगलबोन ब्लॅक या छोट्या लिनक्स बोर्डाचा आराखडा खुला असल्यामुळे आम्ही तोच पाया धरला. प्रोसेसर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५८ आहे, मेमरी आणि ईएमएमसी (बोर्डावरचीच कायमस्वरूपी साठवण चिप) जवळपास तशीच ठेवली आहे, एचडीएमआयचा सगळा भाग काढून टाकला आहे आणि त्याच्या जागी आरएस-४८५ व सेन्सरांचे कनेक्टर दिले आहेत. जागा वाचवण्यासाठी डीबग कन्सोलचा, म्हणजे बोर्डाचे संदेश वाचण्याच्या आणि त्याला आदेश देण्याच्या सिरियल जोडणीचा, सहा पिनांचा हेडरही वगळला आणि यूआर्ट० या सिरियल पोर्टाच्या टीएक्स (बाहेर जाणारी), आरएक्स (आत येणारी) व ग्राउंड या तीनच रेषा टेस्ट पॅडवर आणल्या.

जुळणी होऊन आलेल्या बोर्डांपैकी दोन सध्या टेबलावर आहेत. पहिल्या बोर्डावर वीज देताच टर्मिनलवर निरर्थक चिन्हे उमटतात, आणि त्याच बोर्डाची यूएसबीही संगणक ओळखत नाही. दुसऱ्या बोर्डावर यू-बूट या बूटलोडरची अक्षरे स्वच्छ दिसतात, पण ‘स्टार्टिंग कर्नल’ ही ओळ आली की पुढे काहीच येत नाही. सीएच३४० चिपचा साधा यूएसबी-सिरियल अडॅप्टर आणि मिनिकॉम हा टर्मिनल प्रोग्रॅम वापरतो आहे, वेग ११५२०० ठेवला आहे. कन्सोल मिळाल्याशिवाय पुढचे कोणतेच काम हलत नाही, म्हणून कोठून सुरुवात करावी याचे मार्गदर्शन हवे आहे.

सुरंगी, कुडाळ

आपण दोन बोर्डांच्या तक्रारी एकाच प्रश्नात मांडल्या आहेत, परंतु त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसावा असे मला वाटते. ‘कन्सोल येत नाही’ हा एक बिघाड नसतो. वीज दिल्यापासून लॉगिनपर्यंत तीच तार एकामागून एक पाच जण वापरतात: प्रोसेसरमधील कायमचा बूट रॉम, मग एसपीएल हा यू-बूटचा छोटा पहिला टप्पा, मग यू-बूट, मग लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल आणि शेवटी लॉगिन दाखवणारा गेटी. यांतील प्रत्येक जण यूआर्टची मांडणी आपापल्या परीने, आधीच्याचे न विचारता, नव्याने करतो. म्हणून शांतता नेमकी कोणाच्या पाळीत सुरू झाली हे आधी ठरवावे आणि तोवर बाकीच्या गोष्टींना हात लावू नये. लोक वैतागून एकाच वेळी केबल बदलतात, कर्नल बदलतात, वेगही बदलतात आणि मग कशामुळे काय झाले हे कोणालाच सांगता येत नाही.

एएम३३५८ ची एक मोठी सोय आहे. त्याच्या बूट रॉमला ईएमएमसी आणि एसडी कार्ड दोन्हीकडे बूट करण्याजोगे काही सापडले नाही आणि बूटच्या क्रमात यूआर्ट असला, तर तो यूआर्ट० वर ११५२०० वेगाने रोमन ‘सी’ हे अक्षर ठरावीक अंतराने पाठवत राहतो, कारण तो एक्समोडेम या सिरियल पद्धतीने फाइल मिळण्याची वाट पाहत असतो. त्यामुळे कोऱ्या बोर्डावर ‘सीसीसी’ अशी ओळ दिसली की वीज, क्रिस्टल (घड्याळाची स्पंदने देणारा भाग), टीएक्सची रेषा, अडॅप्टर आणि वेग एवढ्या सगळ्या गोष्टी आपले सॉफ्टवेअर मुळीच न चालवता सिद्ध होतात. पहिल्या बोर्डाच्या ईएमएमसीत अजून काही भरले नसेल, तर कार्ड काढून त्यावर ही परीक्षा करावी आणि जे दिसेल ते येथे लिहावे.

जाता जाता एक सूचना: सीएच३४० च्या बऱ्याच अडॅप्टरांवर ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट यांतून निवड करणारा जंपर असतो. या प्रोसेसरच्या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत. जंपर ३.३ वर आहे याची मल्टीमीटरने खात्री करावी, आणि अडॅप्टरची व्हीसीसीची तार बोर्डाला मुळीच जोडू नये.

तांबडीमाती, देवगड

सुरंगीताईंच्या सूचनेला जोडून सांगतो. अडॅप्टरच्या तारांचे रंग पाहून जोडणी करण्याचा मोह टाळावा. एफटीडीआय कंपनीच्या ३.३ व्होल्टच्या केबलमध्ये नारिंगी तार टीएक्सची आणि पिवळी आरएक्सची असते, पण तिच्यातील लाल तारेवर मात्र ५ व्होल्टच असतात, केबलच्या नावात ३.३ असले तरी! बाजारातील पीएल२३०३ चिपच्या केबलींमध्ये बहुधा पांढरी आणि हिरवी अशी जोडी असते. मल्टीमीटरने ओळखणे सर्वांत सोपे आहे, कारण बोर्ड चालू असताना त्याच्या टीएक्स पॅडवर निष्क्रिय स्थितीत सुमारे ३.३ व्होल्ट दिसतात आणि अक्षरे जात असताना आकडा खाली डुलतो. तो पॅड अडॅप्टरच्या आरएक्सला जोडावा.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बोर्डाची वीज बंद असतानाही अडॅप्टरच्या टीएक्समधून येणारे ३.३ व्होल्ट प्रोसेसरच्या संरक्षक डायोडांतून आत शिरतात आणि बोर्ड अर्धवट जागा राहतो. मग वीज पुन्हा दिली तरी रीसेट नीट होत नाही. बीगलबोन ब्लॅकवर कन्सोलच्या रेषांवर बफर चिप आहे, तिचे हे एक काम आहे. हेडर वगळताना आपण तो बफरही वगळला असेल, तर निदान आरएक्सच्या रेषेत एक किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत घालावा आणि वीज बंद करताना अडॅप्टरही काढावा.

खारावारा, रत्नागिरी

दोघांचेही आभार. बफर खरोखरच वगळलेला आहे. रेझिस्टर घातला आणि जंपर तपासला, तो ३.३ वरच होता.

पहिल्या बोर्डाची ईएमएमसी कोरीच आहे. कार्ड काढून वीज दिली असता टर्मिनलवर ठरावीक अंतराने एकच निरर्थक चिन्ह पुन्हा पुन्हा येते. म्हणजे रॉम ‘सी’ पाठवतो आहे, पण तो चुकीचा वाचला जातो आहे, असे मी समजतो. ९६००, ३८४००, ५७६०० असे नेहमीचे वेग लावून पाहिले, पण काहीच जुळले नाही. दुसऱ्या बोर्डावर त्याच अडॅप्टरने अक्षरे स्वच्छ येतात, त्यामुळे अडॅप्टर निर्दोष आहे.

घाटमाथा, आंबोली

आपल्याकडे ऑसिलोस्कोप असल्यास अंदाज करत बसण्याची गरज नाही. टीएक्सवरील सर्वांत अरुंद स्पंदाची रुंदी मोजावी. ११५२०० वेगाला एका बिटला ८.६८ मायक्रोसेकंद लागतात. आपले माप याहून किती वेगळे येते, त्यावरून घड्याळ किती चुकले आहे हे थेट कळेल.

माझी शंका क्रिस्टलवर आहे. हा प्रोसेसर १९.२, २४, २५ आणि २६ मेगाहर्ट्झ असे चार क्रिस्टल चालवू शकतो, पण समोर कोणता बसवला आहे हे त्याला स्वतःहून कळत नाही. एलसीडीच्या डेटा रेषांवरील रेझिस्टर, म्हणजे सिसबूटच्या १४ आणि १५ क्रमांकाच्या पिना, वीज येण्याच्या क्षणी वाचून तो त्यावर विश्वास ठेवतो. बीगलबोनच्या आराखड्यात ही मांडणी २४ साठी आहे. बोर्डावर २६ चा क्रिस्टल बसला असेल, तर रॉम ज्याला ११५२०० समजतो तो वेग प्रत्यक्षात १,२४,८०० होईल आणि बिटची रुंदी ८.०१ मायक्रोसेकंद भरेल. फरक सव्वाआठ टक्क्यांहून थोडा अधिक आहे. सिरियल जोडणीत दोन्ही बाजूंचा मिळून पाच टक्क्यांच्या आसपास फरक झाला की शेवटचे बिट चुकू लागतात, म्हणून हा फरक पचणार नाही. यूएसबीही न ओळखली जाण्याचे कारण यातच असावे, कारण तिचे घड्याळही त्याच क्रिस्टलपासून बनते आणि यूएसबी घड्याळाच्या बाबतीत सिरियलहून पुष्कळ काटेकोर असते.

खारावारा, रत्नागिरी

घाटमाथा, आपला तर्क अचूक ठरला. बिटची रुंदी आठ मायक्रोसेकंदांच्या किंचित वर भरली. भिंगाखाली पाहिले तेव्हा क्रिस्टलच्या डब्यावर २६ चा आकडा स्पष्ट दिसला. आमच्या यादीत २४ लिहिलेले आहे, म्हणजे जुळणी करणाऱ्याने हाताशी असलेला भाग बसवून दिला. टर्मिनलचा वेग हाताने १,२४,८०० केला आणि ‘सी’ ची रांग स्वच्छ उमटली.

आता क्रिस्टल बदलावा की रेझिस्टर बदलून सिसबूटची मांडणी २६ साठी करावी?

सुरंगी, कुडाळ

क्रिस्टल बदलावा. मांडणी बदलली तर रॉम समाधानी होईल, परंतु यू-बूटमध्ये आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) २४ गृहीत धरलेली एखादी जागा पुढे कधीतरी डोके वर काढेल. शिवाय एकाच तुकडीतील बोर्ड दोन प्रकारचे झाले की दुरुस्ती करणाऱ्याचे हाल होतात.

पहिल्या बोर्डावर कार्डावरून यू-बूट चालवाल तेव्हा आणखी एका गोष्टीची तयारी ठेवा. बीगलबोनसाठीचा यू-बूट आय-टू-सी जोडणीवरील ईईप्रॉम या छोट्या साठवण चिपमधून बोर्डाचे नाव वाचतो आणि त्यानुसार मेमरीची मांडणी ठरवतो. ईईप्रॉम कोरा असेल किंवा बसवलाच नसेल, तर एसपीएल चुकीच्या मेमरीची मांडणी करून तेथेच अडकू शकतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला कन्सोलच बंद पडल्यासारखा दिसतो. दुसरा बोर्ड यू-बूटपर्यंत पोहोचतो, त्या अर्थी त्याचा ईईप्रॉम आपण भरलेला असावा. कायमचा उपाय म्हणजे आपल्या बोर्डासाठी यू-बूटमध्ये वेगळी नोंद करून मेमरीची मापे तेथेच पक्की लिहिणे.

दुसऱ्या बोर्डाबाबत विचारायचे आहे: कर्नल कोणता आहे आणि बूटआर्ग्समध्ये (यू-बूट कर्नलला देतो त्या सूचनांमध्ये) कन्सोल म्हणून काय लिहिले आहे?

खारावारा, रत्नागिरी

ईईप्रॉम त्या बोर्डावर भरलेला होता, पहिल्यावर भरायचा राहिला आहे. सूचना वेळेवर मिळाली. दुसऱ्या बोर्डावर कर्नल मुख्य प्रवाहातील अलीकडचा आहे आणि आम्हीच संकलित केला आहे. यू-बूटच्या बूटआर्ग्समध्ये मात्र जुन्या प्रतिमेतून आलेले ‘कन्सोल=टीटीवायओ०,११५२००एन८’ तसेच आहे. शेवटी ओ अक्षर आणि त्यापुढे शून्य आहे.

तांबडीमाती, देवगड

हेच ते. टीटीवायओ हे नाव जुन्या ओमॅप-सिरियल ड्रायव्हरचे होते. आता बहुतेक कर्नलांत त्याच यूआर्टसाठी ८२५०-ओमॅप हा ड्रायव्हर असतो आणि त्याच्याकडे ते पोर्ट टीटीवायएस० या नावाने येते. कर्नलमध्ये जुने नाव आपोआप नव्यात बदलून देणारा एक पर्याय आहे, पण स्वतः संकलित करताना तो सुटला असेल तर कर्नल व्यवस्थित चालतो आणि न अस्तित्वात असलेल्या पोर्टाची वाट पाहत गप्प राहतो. बूटआर्ग्समध्ये टीटीवायएस० लिहून पाहा.

त्यानेही काही दिसले नाही, तर बूटआर्ग्समध्ये नुसते ‘अर्लीकॉन’ जोडावे आणि डिव्हाइस ट्रीच्या ‘चोझन’ विभागात ‘एसटीडीआउट-पाथ’ यूआर्ट० कडे दाखवलेला असावा. म्हणजे खरा ड्रायव्हर उभा राहण्याआधीचे संदेशही बाहेर पडतात. तेही निष्फळ ठरले तर जुनी युक्ती आहे: बोर्ड वीज न तोडता रीसेट करावा, यू-बूटमध्ये थांबावे आणि कर्नलच्या संदेशांचा साठा मेमरीतून थेट वाचावा. कर्नल संकलित करताना बनणाऱ्या सिस्टम.मॅप फाइलमध्ये ‘__लॉग_बफ’ (आधी दोन अधोरेषा) चा पत्ता मिळतो. या प्रोसेसरची मेमरी षोडशमान ८००००००० पासून सुरू होते आणि कर्नलचे आभासी पत्ते सहसा सी००००००० पासून, म्हणून सापडलेल्या पत्त्यातून ४००००००० वजा करून यू-बूटच्या ‘एमडी’ आदेशाला द्यावे. काही अक्षरे बिघडलेली असतात, तरी कर्नल कोठे कोसळला हे वाचता येते.

खारावारा, रत्नागिरी

नाव बदलताच कर्नलचे सर्व संदेश आले आणि शेवटी लॉगिनची ओळही आली. अर्लीकॉनपर्यंत जावे लागले नाही.

मात्र आता नवीनच अडचण आहे. लॉगिनसमोर काहीही टंकले तरी उमटत नाही. यू-बूटमध्ये तोच कीबोर्ड, तेच मिनिकॉम आणि त्याच तारा असताना टंकलेले सर्व पोहोचते. गंमत म्हणजे ईथरनेटवरून एसएसएचने (नेटवर्कवरील दूरस्थ लॉगिनने) बोर्डात शिरता येते, त्यामुळे यंत्रणा जिवंत आहे.

घाटमाथा, आंबोली

या लक्षणावर सर्वसाधारण उत्तर ‘मिनिकॉममधील हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा’ असे मिळते, आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असते. पण येथे यू-बूटमध्ये टंकन चालते, म्हणून मिनिकॉम आणि तारा दोन्ही सुटल्या. कर्नलच्या पाळीतच आरएक्स बंद होतो आहे.

एसएसएचने आत शिरता येते हे फार चांगले झाले. ‘/प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सिरियल’ ही फाइल वाचा. तिथे पोर्टनिहाय पाठवलेल्या आणि मिळालेल्या अक्षरांची संख्या असते. कन्सोलवर काही टंकून ती पुन्हा वाचा. पाठवलेली संख्या वाढत असेल आणि मिळालेली शून्यावरच असेल, तर अक्षर यूआर्टपर्यंत पोहोचतच नाही आणि दोष पिन-मक्सचा, म्हणजे पिनेचे काम ठरवणाऱ्या मांडणीचा आहे. या प्रोसेसरच्या प्रत्येक पिनेच्या मांडणीत ५ क्रमांकाचा बिट आत येणारा सिग्नल चालू करतो. तो शून्य असेल तर पिन यूआर्टला जोडलेली असूनही बहिरी राहते. यू-बूट स्वतःची मांडणी योग्य करतो, पण कर्नल आला की डिव्हाइस ट्रीतील मांडणी तिच्यावर लिहिली जाते.

खारावारा, रत्नागिरी

मिळालेल्या अक्षरांची संख्या शून्यच आहे. कर्नलच्या तपासणीसाठी असलेल्या डीबगएफएसमधील पिनकंट्रोलच्या यादीत यूआर्ट० च्या आरएक्स पिनेसमोर ५ क्रमांकाचा बिट शून्य दिसतो. डिव्हाइस ट्री पाहिली तर टीएक्स आणि आरएक्स या दोन्ही ओळींवर ‘पिन_आउटपुट’ असेच लिहिलेले आढळले. आरएक्सच्या ओळीवर ‘पिन_इनपुट_पुलअप’ केले, यादीतील किंमत षोडशमान ३० झाली आणि लॉगिन चालू झाले. दोन्ही बोर्डांवर आता कन्सोल पूर्ण मिळतो आहे. क्रिस्टलही बदलून झाला आणि यूएसबीही ओळखली गेली.

पुढचा प्रश्न प्रत्यक्ष जागेचा आहे. बोर्ड कारखान्यात बसवताना कन्सोलचे पॅड तसेच उघडे ठेवावेत की ओलावा रोखणाऱ्या लेपाखाली झाकावेत?

बंदरकाठ, मालवण

या प्रश्नावर मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण माझे काम बंदरांवर बसवलेल्या यंत्रांची देखभाल करण्याचे आहे.

पॅड उघडे ठेवू नयेत. आपल्याकडे पावसाळ्यात खाऱ्या हवेचा ओलावा डब्याच्या आत शिरतो, आणि बर्फ कारखान्यात त्यात अमोनियाची भर पडते. उघड्या तांब्यावर हिरवा थर चढतो आणि शेजारच्या पॅडांमध्ये क्षीण गळती सुरू होते. याचा परिणाम केवळ गंजण्यापुरता नसतो. आरएक्सची रेषा आतील दुबळ्या पुल-अपवरच (रेषा वरच्या पातळीला धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरवरच) अवलंबून असेल, तर गळती आणि कॉम्प्रेसरच्या मोटारींचा विद्युत गोंधळ यांमुळे तिच्यावर खोटी अक्षरे उमटतात. वीज जाऊन परत आली की यू-बूट त्या खोट्या अक्षराला ‘कोणीतरी कळ दाबली’ असे समजतो, बूट थांबवतो आणि आपल्या प्रॉम्प्टवर स्वस्थ बसून राहतो. यंत्राचा दिवा लागलेला असतो आणि नोंद मात्र होत नाही. पावसात वीज किती वेळा जाते हे मी आपल्याला सांगायला नको.

यावर तीन उपाय एकत्र करावेत. आरएक्सवर बाहेरून १० किलोओहमचा पुल-अप द्यावा. यू-बूट संकलित करताना ऑटोबूट-कीड हा पर्याय निवडून बूट थांबवण्यासाठी एक विशिष्ट शब्द ठरवावा, म्हणजे एखाद्या भटक्या अक्षराने बूट थांबणार नाही. आणि लेप लावण्याआधी पॅडांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारी चिकटपट्टी) चिकटवावी, लेप सुकल्यावर ती काढून तेथे सहा पिनांचा झाकण असलेला कनेक्टर किंवा निदान सिलिकॉनची काढता येणारी टोपी बसवावी. ॲक्रिलिक लेप असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पॅडपुरता काढताही येतो, पण होडीच्या धक्क्यावर वाऱ्यात उभे राहून ते करणे कोणाच्याही नशिबी येऊ नये.

जागेवर कन्सोल जोडताना लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. दोन पिनांच्या चार्जरवरील लॅपटॉपच्या ग्राउंडवर चार्जरमधील कपॅसिटरांमुळे मोठा तरंगता व्होल्टेज असतो. त्याची धारा अल्प असली तरी पहिल्या स्पर्शाला आरएक्सची पिन जाऊ शकते. ग्राउंडची तार नेहमी आधी जोडावी. शक्य असल्यास यूएसबी आयसोलेटर बाळगावा, कारण कारखान्याची अर्थिंग आणि आपली अर्थिंग एकाच पातळीवर असतील असे मानणे धोक्याचे आहे.

सुरंगी, कुडाळ

बंदरकाठ यांच्या बाकी सर्व सूचना मला मान्य आहेत, परंतु जागेवरच्या बोर्डावर कन्सोल चालू ठेवावा की नाही याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. ग्राहकाकडे जाणाऱ्या यंत्रावर परवलीच्या शब्दाविना रूटचे लॉगिन देणारा कन्सोल असू नये. यू-बूटचा प्रॉम्प्ट मिळाला तर कर्नलला ‘इनिट’ (त्याने चालवायचा पहिला प्रोग्रॅम) म्हणून थेट शेल देता येतो, तेव्हा लिनक्सचा परवलीचा शब्दही निरुपयोगी ठरतो. मी स्वतः ‘बूटडिले’ (बूटआधी थांबण्याच्या वेळेची किंमत) उणे दोन ठेवते. त्यामुळे यू-बूट कळ दाबली आहे का हे तपासतच नाही आणि खोट्या अक्षरांचा प्रश्नही मुळातून सुटतो. गरज पडल्यास लिनक्समधून ‘एफडब्ल्यू_सेटएनव्ह’ ने ही किंमत बदलता येते.

बंदरकाठ, मालवण

ताई, आपला मुद्दा रास्त आहे, पण लिनक्सच उभे राहिले नाही तर ‘एफडब्ल्यू_सेटएनव्ह’ चालवणार कोण? मग एसडी कार्ड घालून, बूटची कळ दाबून धरून उठवणे एवढाच मार्ग उरतो. आणि जो माणूस डबा उघडून पॅडपर्यंत पोहोचतो तो कार्डही घालू शकतो, तेव्हा कन्सोल बंद करून आपण चोराला थोडा उशीर करतो आणि दुरुस्तीवाल्याला मात्र पूर्ण अडवतो. मोबाइलची रेंजही धड नसलेल्या धक्क्यावर कन्सोल हा शेवटचा आधार असतो. माझ्या मते कर्नलचे संदेश चालू ठेवावेत, लॉगिनला प्रत्येक यंत्राचा वेगळा परवलीचा शब्द असावा आणि यू-बूट विशिष्ट शब्दानेच थांबावा.

सुरंगी, कुडाळ

कार्डाचा मुद्दा मान्य. एएम३३५८ च्या सर्वसाधारण आवृत्तीत रॉम कार्डावरील कोणताही बूटलोडर चालवतो, हे खरे आहे. तेव्हा शीतगृहाच्या नोंदवहीसारख्या यंत्राला बंदरकाठ यांची मांडणी पुरेशी आहे. ज्या यंत्रातून पैशांचा व्यवहार होतो तेथे मी माझ्याच मतावर राहीन, आणि तेथे प्रोसेसरही वेगळा निवडेन.

खारावारा, रत्नागिरी

ठरले. पुढच्या तुकडीत बफर आणि सहा पिनांचा हेडर परत घेतो आहे, पुल-अप बोर्डावरच देतो आहे आणि यू-बूट विशिष्ट शब्दाने थांबेल असा संकलित करतो. सिसबूटच्या रेझिस्टरांशेजारी बोर्डावरच ‘२४ मेगाहर्ट्झ’ असे छापून घेणार आहे. जुळणी झालेल्या प्रत्येक बोर्डाची पहिली चाचणी ईएमएमसी कोरी असतानाच, रॉमची ‘सी’ ची रांग पाहून घेतली जाईल. एकच शंका उरली आहे: झाकणाच्या कनेक्टरसाठी पितळी पिना अमोनियाच्या हवेत टिकतील का?

बंदरकाठ, मालवण

पितळ घेऊ नका. दमट अमोनियात ताणाखालील पितळाला चिरा पडतात. सोन्याचा मुलामा असलेल्या फॉस्फर ब्राँझच्या पिना घ्या, आणि तरीही झाकण लावा.